वलंदेजी बाटली

दारूबंदी आली आणि माझ्या वडिलांचं, आबांचं, सगळं सरकारजमा झालं. भट्टी मोडली, तांब्याचा हंडा नेला, नळी नेली, परवान्याचा कागद नेला. राहिली ती एक त्यांची जीभ. ती कुणाला नेता आली नाही.

आम्ही भंडारी. दिघीच्या खाडीकाठी आमचं घर. माडाची पोय, म्हणजे फुलाचा कोंब, छेदून माडी उतरवायची आणि तिची भट्टी लावून दारू काढायची, हा आमचा धंदा. आजोबांच्या वेळेपासून सरकारी परवान्यावर चाललेला, चोरून नाही. आज ‘आमच्याकडे दारू काढायचे’ म्हटलं की समोरची बाई पदर सावरते. सावरू दे मेली. आबांनी आयुष्यात कुणाला पाणी घालून दारू दिली नाही आणि स्वतः झिंगलेलं मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. जिभेच्या टोकावर थेंब ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, ही माडी खाडीकडच्या माडाची, ही डोंगराकडची. लोकांना थापा वाटायच्या. मी स्वतः मुद्दाम मडकी अदलाबदल करून पारख केली होती. एकदाही चुकले नाहीत.

आई मी लहान असतानाच गेली. घरात आबा आणि मी, दोघंच. तिसरे म्हणायचे तर आगवाले चाचा. ते शेजारच्या मोहल्ल्यातले, आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. एका डच जहाजावर बॉयलरला कोळसा घालायचं काम करायचे. बोटीवर त्या कामाच्या माणसाला आगवाला म्हणतात, म्हणून गावात त्यांना सगळे आगवालेच म्हणायचे. वर्ष-दीड वर्षाने घरी यायचे, दोन-तीन महिने राहायचे आणि त्यातले निम्मे दिवस आमच्या पडवीत काढायचे. पाच वेळचे नमाजी. दारूचा थेंब त्यांच्या ओठाला कधी लागला नाही. पण जगातल्या कुठल्या बंदरात कुठली दारू कशी काढतात हे त्यांच्याइतकं आमच्या पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं. का, तर दोस्ताला सांगायला. खालच्या कोंदट इंजिनखोलीत घाम गाळायचे आणि सुट्टीच्या दिवशी बंदरावर उतरून दारूच्या भट्ट्यांची चौकशी करत हिंडायचे. त्यांच्या बरोबरीचे खलाशी हसून लोळायचे म्हणे.

त्यांनी पहिल्यांदा आणली ती एवढीशी बाटली होती, विताएवढी. भाजलेल्या मातीची, तपकिरी, चकचकीत, दगडासारखी टणक. आतलं काही दिसायचं नाही.

“येनेव्हर,” चाचा म्हणाले. “हॉलंडवाल्यांची.”

“म्हंजे वलंदेजांची,” आबा म्हणाले. आमच्या बाजूचे म्हातारे डच लोकांना अजून वलंदेजच म्हणत.

आबांनी थेंब जिभेवर ठेवला. मग डोळे मिटले ते उघडेचनात. मी म्हटलं, “काय झालं? कडू आहे का?” तर म्हणाले, “ह्यात धान्य हाय. आणि कसलं तरी रानातलं फळ. पण धान्य लपवलंय कुणीतरी.”

चाचांनी मांडीवर थाप मारली. “लपवलंयच! ही नवी तऱ्हा हाय, भाऊ. सस्त्या दारूत फळाचा वास घालून करतात. आसली वेगळी.”

आणि मग चाचांनी ती सगळी कहाणी सांगितली. एकदा नाही, पुढं कितीतरी वेळा. आबा तीच ती पुन्हा विचारायचे. हॉलंडात जुन्या काळी वैद्य लोक एका काटेरी झुडपाची निळी-काळी फळं उकळून काढा द्यायचे, पोटदुखीला, लघवी अडली तर, सांधे धरले तर. ते फळ आपल्याकडच्या वैद्यांनाही माहीत आहे, ते त्याला हपुषा म्हणतात. काढा प्यायला वाईट, म्हणून कुणीतरी तो धान्याच्या दारूत घातला. मग काय, गावंच्या गावं आजारी पडायला लागली! चाचा हे सांगताना दर वेळी हसायचे. पुढे औषध राहिलं बाजूला आणि दारूच झाली. हॉलंडच्या बाजूने लढायला गेलेल्या इंग्रज शिपायांनी ती चाखली, घरी नेली, आणि त्यांच्या देशात तिचीच जिन झाली.

“आणि धान्य कसं करतात?” आबांचं लक्ष तिथंच.

“भिजवतात, मोड आणतात, सुकवतात. मंग दळतात. स्खिडाम म्हणून गाव हाय, रोटरडॅमच्या बाजूला. तिथं दळायच्या पवनचक्क्या आपल्या माडाच्या दुप्पट उंच.”

“मोड?” आबा उठूनच बसले. “आपण नाचणीला मोड आणून पोरांना पेज करून देतो. ती माणसं दारू काढतात! बघ गो बाय, बघ.”

तिकडची पिण्याची रीतही चाचांनी करून दाखवली, रिकाम्या पेल्यावर. पेला काठोकाठ भरायचा, इतका की उचलला तर सांडेल. म्हणून उचलायचाच नाही. हात पाठीमागं धरायचे आणि कमरेत वाकून पहिला घोट तसाच ओठांनी घ्यायचा. आबांना हे फार आवडलं. म्हणाले, “दारूला मान देतात ही माणसं. आपल्याकडं पिणाऱ्यालाच मान नाय, तर दारूला कुठला.” रिकाम्या झालेल्या त्या छोट्या बाटलीत मी पुढं खोबरेल ठेवत असे. थंडीच्या देशात ह्याच बाटल्यांत ऊन पाणी भरून अंथरुणात पायाशी घेतात, असंही चाचांनी सांगितलं होतं. आमच्याकडे कुठली आली एवढी थंडी.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी चाचा मोठी बाटली घेऊन आले. अस्सल. जुन्या तऱ्हेची, मोड आणलेल्या धान्याची, लढाईच्या आधी काढलेली. रोटरडॅम बाँबगोळ्यांनी सपाट झालं होतं, लोकांना खायला धान्य नव्हतं, दारूला कुठलं मिळणार. जहाजावरच्या एका म्हाताऱ्या डच मुकादमाने आपल्या घरातून काढून दिली होती ती. चाचांनी ती कांबळ्यात गुंडाळून आणली होती. तोंडावर लाल लाखेची मोहोर. चाचांना दुसऱ्याच दिवशी मुंबईला जहाज गाठायचं होतं, त्यामुळे आबा म्हणाले, “तू परत आलास की फोडू. तू सांगायला नसलास तर चाखून काय करू?”

चाचा परतले तोवर दारूबंदीचं बोलणं सुरू झालं होतं, आणि बघता बघता ती आलीच. त्यांनी आबांना म्हटलं, “फोड भाऊ, कोण बघतंय?” तर आबा फणकारले. “माझ्या बापानं परवान्यावर धंदा केलान. मी दार लावून चोरासारखा पिऊ? दोन वर्षांत उठंल ही बंदी. भट्टी लागंल त्या दिवशी फोडीन, पडवीत बसून.” आता घरात बाटली ठेवणं हासुद्धा गुन्हाच होता की नाही? पण ठेवणं चालतं आणि पिणं चालत नाही, असं त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाटली भाताच्या कणगीत गेली. आबा दुसऱ्यांच्या वाडीत सुपाऱ्या सोलायला जाऊ लागले. बोटांची सालं निघायची, पण तोंडातून शब्द नाही. संध्याकाळी कधीतरी म्हणायचे, “असल धान्याची कशी लागत असंल गो?” तेवढं एकच स्वप्न होतं त्यांचं. मी त्याची माती केली. ती कशी, ते ऐका.

मी सतरा वर्षांची होते. खाडीपलीकडे आगरदांड्याच्या बाजूला माझं लग्न ठरलं होतं, वैशाखात. सासरची माणसं देवभोळी, अब्रूला जपणारी. त्यांनी आमचा धंदा बंद झाला हे ऐकूनच होकार दिला होता. एका दुपारी आबा वाडीवर, मी अंगणात कपडे वाळत घालत होते. बघते तर खाली वाटेवरून टोपीवाला माणूस येतोय, काखेत मोठी वही, बरोबर गावकामगार. एका घरात शिरतोय, बाहेर येतोय, दारावर खडूनं काहीतरी खरडतोय, पुढच्या घरात शिरतोय. शेजारच्या गावात असंच घरोघर शिरून दारूसाठी दोघांना धरून नेलं होतं. मनात काय आलं, खरं सांगते. आबांना नेतील हे नंतर आलं. आधी आलं, माझं लग्न मोडेल.

कणगीत हात घातला, बाटली काढली, विळ्यानं लाख फोडली, बूच उपसलं आणि परसात केळीच्या बुंध्याशी सगळी ओतली. बाई गं, काय वास सुटला! भाजलेल्या भाकरीसारखा, आणि वर कसला तरी गार हिरवा. मी राख टाकली, पाणी मारलं. बाटलीत विहिरीचं पाणी भरलं, बूच ठोकलं. लाख आणणार कुठली? होड्यांच्या भेगांना लावायची राळ होती, ती वितळवून वर थापली आणि बाटली परत कणगीत. मग हात पुसत पडवीत आले तोवर तो माणूस दारात.

तो शिरगणतीवाला होता. माणसं मोजायला आला होता.

बसला, पाणी मागितलं, वही उघडली. घरात किती माणसं? दोन. नावं, वयं. वडिलांचा धंदा? ‘भट्टी’ हा शब्द तोंडातून काढायची छाती झाली नाही. म्हटलं, “मजुरी.” त्यानं लिहिलं, दारावर आकडा घातला आणि गेला. मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

रात्री जेवताना आबांनी विचारलं, “शिरगणतीत काय लिवलान माझं?” मी सांगितलं. मग म्हणाले, “खरंच लिवलान. सुपाऱ्या सोलतोच की.” त्या वेळी बाटलीचं सांगून टाकायला हवं होतं. पण ‘मजुरी’ ऐकून त्यांचं तोंड जे उतरलं, ते बघून माझ्याच्यानं पुढचं बोलवेना. दोन दिवसांनी त्यांनी कणगी धुंडाळली. म्हणाले, “ही राळ कुणी लावली?” मी म्हटलं, “लाखेला तडे गेले होते, उडून जाईल म्हणून मी लावली.” ते म्हणाले, “बरं केलंस.” माझा जीव भांड्यात पडला. इतकी मूर्ख होते मी.

वैशाखात लग्न झालं. सासर वाईट नव्हतं. आमच्या अंगणातून खाडीपलीकडचे माहेरचे माड दिसायचे. होडीत बसलं की पोचायला कितीसा वेळ! पहिल्या दिवाळीला गेले. फराळ झाला, तसे आबा उठले, बाटली घेऊन आले, धोतराच्या सोग्यानं पुसली, माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, “अजून बंदी हाय. पुढच्या वर्षी बघू.” मी हातातला लाडू परत ताटात ठेवला. दुसऱ्या दिवाळीला तेच. बाटली पुसणं, पुढ्यात ठेवणं, “अजून हाय बंदी.” मी मान वर केली नाही. वाटलं, हा माणूस ह्या पाण्याची राखण करतोय आणि मी समोर बसून करंज्या खातेय.

तिसऱ्या दिवाळीला मी गेले नाही. मुलगा तान्हा आहे, असा निरोप धाडला. चौथ्याला सासूबाईंचे पाय दुखत होते. मग वारा फार होता, मग होडी नव्हती, मग धाकटीला गोवर. कारणं काय, हवी तेवढी मिळतात. गणपतीत सकाळी जायचे आणि दुपारी परतायचे, आबांना बाटली काढायला वेळ मिळू नये म्हणून. सणासुदीला नवरा म्हणायचा, “अगं, जाऊन ये ना, म्हातारा एकटा आहे.” मी त्याच्यावरच खेकसायचे. संध्याकाळी पलीकडे एक दिवा दिसायचा. तो आमचाच होता असं नाही, पण मी तो आमचाच समजायचे आणि तोंड फिरवून चुलीशी जायचे. अशी आठ-नऊ वर्षं गेली. खाडीचं पाणी दोन्ही काठांना तेच लागत होतं आणि मी बापाला धड भेटत नव्हते.

मग एकदा चाचा स्वतः होडीनं आले. आता ते जहाज सोडून घरी बसले होते; कोळशाच्या धुरळ्यानं छाती गेलेली, चार पावलं टाकली की धाप. म्हणाले, “भाऊची तब्येत ठीक न्हाय. बोलवलान तुला. म्हणतो, बाटली फोडायची.”

म्हटलं, “बंदी उठली?”

“न्हाय उठली. पर म्हणतो, बस झालं आता.”

तिथंच ओट्यावर मी चाचांना सगळं सांगितलं. दहा-अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. मग एकदम तापले. “अगो, पोटच्या पोरासारखी आणली होती ती मी! उशाला घेऊन झोपलो!” धाप लागली, खोकला आला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन जरा वेळानं म्हणाले, “दुसरी आणली असती. आता न जहाज रायलं, न छाती रायली.” आणि डोळे पुसले. माझे नाही, त्यांचे.

मी आबांना सांगायचं ठरवून गेले. होडीत बसून शब्द जुळवले. पण आबा पडवीत बसले होते, अंग धुऊन, स्वच्छ सदरा घालून. पायांना सूज, चेहरा अर्धा झालेला. पुढ्यात पाटावर बाटली आणि एक काचेचा छोटा पेला. मला बघून तोंडभर हसले.

“फोड गो,” म्हणाले. “तूच फोड.”

मी राळ खरवडली. बूच ओढलं. चाचांनी बाटली धरली. मी ओतलं, आबा म्हणत होते, “काठापर्यंत, काठापर्यंत.” पेला काठोकाठ भरला. आबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. कमरेत वाकता येत नव्हतं त्यांना, तरी वाकले. ओठ लावले आणि घोट घेतला. डोळे मिटले.

मग डोळे उघडले, पेला हातानं उचलला आणि चाचांपुढं धरला.

“घे,” म्हणाले. “तू पण घे.”

“भाऊ, मी...”

“घे रे. हे तुला चालतं.”

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मग पेला घेतला आणि सगळा प्यायले.

मी आबांच्या पायांशी बसले आणि रडू कोसळलं. काय काय बोलले आठवत नाही. शिरगणतीवाला, केळ, माझं लग्न, सगळं एकदम. आबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते. “ठावं हाय,” म्हणाले. “त्या दिवशी संध्याकाळी वाडीवरनं आलो, तेव्हाच कळलं. परसात वास भरला होता. तिथं केळीजवळ उभा रायलो कितीतरी वेळ. वास तरी घेतला ना मी तिचा. चांगली होती.”

“मग बोलला का नाहीत? मला दोन थोबाडीत का नाही दिल्या?”

“तू भ्यायली होतीस गो. त्यात तुझं लगीन. वाटलं, पोर सांगंल आपणहून कधीतरी. म्हणून दिवाळीला काढून ठेवायचो पुढ्यात. सांगायला बरं पडंल तुला.” थांबले, दम घेतला. “तर तू येयाचीच बंद झालीस. मग कळलं, चुकलं माझं. ह्या बाटलीपायी येत नाय पोर. म्हटलं, फोडूनच टाकू एकदाची.”

चाचा उठून अंगणात गेले. आबांनी रिकामा पेला पाटावर पालथा घातला आणि माझी हनुवटी धरून वर केली, मी लहान असताना धरत तशी.

“आता येत जाशील ना गो बाय?”

मी हो म्हटलं. दर महिन्याला येईन म्हटलं. त्यानंतर मला दोनदाच जाता आलं. तिसऱ्यांदा गेले ती चाचांचा निरोप आल्यावर.